झटपट चाचणी आणि विषाणूंचे संवर्धन
(व्याख्यानाची संहिता)



पावसाळा सरत आला की तापाचे रुग्ण वाढू लागतात, हे पांढुर्णा-सौंसरच्या परिसरातील कोणत्याही कुटुंबाला नवे नाही. पूर्वी अशा तापाला नाव मिळणेही कठीण असे. ‘साथीचा ताप’ एवढ्यावर भागवले जाई. आज रक्ताचे किंवा नाकातील स्रावाचे चार थेंब बोटाएवढ्या पट्टीवर टाकले की पंधरा-वीस मिनिटांत रेघ उमटते. रेघ दिसली तर रोग आहे, न दिसली तर नाही, असा अर्थ लावून मंडळी घरी जातात. हा अर्थ कितपत बरोबर आहे? पट्टी येण्यापूर्वी विषाणू ओळखण्याची जी संथ आणि खर्चिक रीत होती, म्हणजे प्रयोगशाळेत विषाणू प्रत्यक्ष वाढवून पाहण्याची, ती आता कालबाह्य झाली काय? आजच्या व्याख्यानाचा विषय हाच आहे. तो वैद्यकाचा असला तरी केवळ वैद्यांचा नाही. कारण चाचणीचा अहवाल हाती घेऊन निर्णय करण्याची वेळ अखेर रुग्णाच्या आप्तांवर येते.

या विषयाचा आरंभ आपल्या अगदी शेजारीच झाला आहे. १९६५ साली नागपूर परिसरात तापाची मोठी साथ आली होती. साथ चिकुनगुन्या आणि डेंग्यू यांची होती. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रातील शास्त्रज्ञ रुग्णांच्या रक्तातून हेच विषाणू वेगळे काढण्याच्या कामी लागले होते. हे केंद्र १९५२ साली भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि अमेरिकेतील रॉकफेलर प्रतिष्ठान यांच्या सहकार्याने स्थापन झाले. १९७८ पासून ते राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था या नावाने ओळखले जाते. तपासणी चालू असता दोन रुग्णांच्या रक्तात एक वेगळाच विषाणू आढळला. तो चिकुनगुन्याचा नव्हता आणि डेंग्यूचाही नव्हता. जगाच्या कोणत्याही यादीत त्याचे नाव नव्हते. प्रवीण भट्ट आणि एफ. एम. रॉड्रिग्ज यांनी १९६७ साली त्याची माहिती प्रसिद्ध केली आणि गावाच्या नावावरून त्याला ‘चांदीपुरा’ हे नाव मिळाले. नागपूरजवळच्या एका लहानशा गावाचे नाव अशा रीतीने जगाच्या वैद्यकीय ग्रंथांत कायमचे नोंदले गेले.

समजा, १९६५ साली आजच्यासारखी झटपट पट्टी उपलब्ध असती. डेंग्यूची पट्टी लावली असती तर उत्तर ‘नाही’ असे आले असते. चिकुनगुन्याची लावली असती तरी ‘नाही’च आले असते. त्या दोन रुग्णांचा ताप ‘अज्ञात’ म्हणून वहीत नोंदला गेला असता आणि चांदीपुरा विषाणू पुढे किती वर्षे अज्ञात राहिला असता, कोण जाणे. झटपट चाचणी फक्त विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर देते. संवर्धनात मात्र कोणी न विचारलेल्या प्रश्नाचेही उत्तर मिळू शकते. दोन्ही पद्धतींतील मूळ भेद हा आहे, आणि ग्रंथालयाच्या सभासदांना तो सहज उमगेल. काउंटरवर जाऊन एका ठरावीक पुस्तकाचे नाव सांगितले तर ते आहे की नाही, एवढेच कळते. कपाटासमोर उभे राहून स्वतः पुस्तके चाळणाऱ्याला कधीकधी असा ग्रंथ सापडतो की, ज्याचे नावही त्याने ऐकलेले नसते. त्यासाठी वेळ मात्र द्यावा लागतो.

संवर्धन म्हणजे नेमके काय, हे थोडे विस्ताराने पाहू. जिवाणू मांसरसावर किंवा अगारच्या थरावर वाढवता येतात. विषाणूचे तसे नाही. त्याला वाढण्यासाठी जिवंत पेशीच लागते. म्हणून प्रारंभी प्रयोगशाळेतील प्राण्यांना रुग्णाचा नमुना टोचून ते आजारी पडतात का, हे पाहिले जाई. मानवी फ्लूचा विषाणू १९३३ साली फेरेट नावाच्या प्राण्यात असाच सापडला. त्याच सुमारास कोंबडीच्या फलित अंड्यात विषाणू वाढवण्याची युक्ती साधली. खरी क्रांती १९४९ साली झाली. अमेरिकेतील एंडर्स, वेलर आणि रॉबिन्स यांनी पोलिओचा विषाणू मज्जासंस्थेबाहेरील ऊतींच्या पेशींत, काचेच्या नळीत वाढवून दाखवला. १९५४ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले आणि पोलिओच्या लशीचा मार्ग खुला झाला.

काचेच्या किंवा प्लॅस्टिकच्या कुपीत तळाशी पेशींचा एक पातळ थर वाढवतात. त्यावर रुग्णाचा नमुना सोडतात आणि कुपी उबेत ठेवतात. रोज सूक्ष्मदर्शकाखाली पाहणी होते. विषाणू असेल तर पेशी फुगतात, गोलाकार होतात, एकमेकींना चिकटतात किंवा थरापासून सुटून तरंगू लागतात. विषाणूची शंका आली की ज्ञात प्रतिपिंडांशी त्याची गाठ घालून ओळख पटवतात. नेहमीच्या पद्धतीने फ्लूच्या विषाणूसाठी या सर्वाला तीन ते दहा दिवस लागतात. या शास्त्रात पुण्याने घातलेली भर जगन्मान्य आहे. १९६७ साली के. आर. पी. सिंग यांनी तेथे एडिस जातीच्या डासांच्या अळ्यांपासून अखंड वाढत राहणाऱ्या पेशींचे वाण तयार केले. डेंग्यूचा विषाणू वाढवण्यासाठी जगभरातील प्रयोगशाळा आजही त्यापासून निवडलेल्या पेशी वापरतात.

संवर्धनाची थोरवी सांगताना त्याच्या मर्यादा झाकून ठेवता येणार नाहीत. पहिली मर्यादा वेळेची. चांदीपुराचेच उदाहरण घ्या. १९८० साली मध्य प्रदेशात मेंदूच्या विकाराने आजारी असलेल्या रुग्णाच्या रक्तातून तो वेगळा काढण्यात आला आणि हा विषाणू केवळ साध्या तापाचा नसावा, अशी शंका बळावली. २००३ साली आंध्र प्रदेशात मुलांमध्ये मेंदूज्वराची भीषण साथ आली. ३२९ मुले आजारी पडली आणि त्यांतील १८३ दगावली. ज्ञात मेंदूज्वरांच्या चाचण्यांतून उलगडा झाला नाही. पुण्याच्या संस्थेने विषाणू पेशींत वाढवला, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तेव्हा बंदुकीच्या गोळीच्या आकाराचा चांदीपुरा पुन्हा समोर आला. कारण सापडले. पण यातील अनेक मुले आजार सुरू झाल्यापासून एक-दोन दिवसांतच गेली होती. ज्या रोगात रुग्णाला अठ्ठेचाळीस तासही मिळत नाहीत, तेथे काही दिवसांनी येणारे उत्तर समाजाच्या कामी येते, त्या मुलाच्या नाही. २००७ साली नागपूर विभागातही मुलांच्या मेंदूज्वराच्या साथीमागे हाच विषाणू आढळला.

दुसरी मर्यादा नमुन्याची. संवर्धनासाठी विषाणू जिवंत पोचावा लागतो. पांढुर्ण्याहून नागपूर शंभर किलोमीटरच्या आत आहे, पण पुणे तेथून पुढे सातशे किलोमीटरवर. मधल्या प्रवासात नमुन्याचा बर्फ वितळला, तर कुपीत काहीच वाढत नाही आणि ‘आढळला नाही’ असा अहवाल येतो. तो अहवाल रोगाविषयी काही सांगत नाही, केवळ प्रवासाविषयी सांगतो. तिसरी मर्यादा अशी की, काही विषाणू नेहमीच्या पेशीसंवर्धनाला दाद देत नाहीत. ‘क’ प्रकारच्या काविळीचा विषाणू १९८९ साली संवर्धनातून सापडलाच नाही, त्याच्या जनुकीय द्रव्याच्या शोधातून सापडला. शिवाय घातक विषाणू वाढवणे हे धोक्याचे काम आहे. त्यासाठी विशेष बंदिस्त प्रयोगशाळा आणि कसलेले हात लागतात. ते प्रत्येक जिल्ह्यात असणे शक्य नाही.

म्हणूनच त्वरित चाचण्या आल्या. त्यांचे दोन प्रकार वेगळे ठेवले पाहिजेत, कारण बोलताना त्यांची गल्लत होते. पहिला प्रकार पट्टीचा. पट्टीवर एका ठिकाणी सोन्याच्या सूक्ष्म कणांना जोडलेली प्रतिपिंडे असतात. नमुन्यात विषाणूचे प्रथिन, म्हणजे प्रतिजन असेल, तर ते या प्रतिपिंडांना चिकटून द्रवाबरोबर पुढे वाहत जाते आणि ठरावीक जागी अडकून रेघ उमटते. दुसरी रेघ नियंत्रणाची. ती उमटली नाही, तर चाचणीच रद्द समजावी. पट्टीत विषाणूची संख्या वाढवण्याची सोय नसते. नमुन्यात आहे तेवढेच तिला दिसते, आणि ते पुरेसे नसेल तर रेघ उमटत नाही.

दुसरा प्रकार पीसीआरचा. कॅरी मुलिस यांनी १९८३ साली कल्पिलेल्या या पद्धतीला १९९३ साली नोबेल पारितोषिक मिळाले. यात विषाणूच्या जनुकीय द्रव्याचा एक तुकडा यंत्रात पुनःपुन्हा दुप्पट केला जातो. तीस आवर्तनांत एकाचे, निदान हिशेबाने, शंभर कोटींहून अधिक होतात. त्यामुळे अत्यल्प विषाणूही सापडतो, आणि तोही काही तासांत. प्रवासात मेलेला विषाणूही त्यात दिसू शकतो. संवर्धनाला न सापडलेले पीसीआरला सापडू लागल्यामुळे एकेकाळी संवर्धन हेच परिमाण मानणाऱ्या शास्त्राला ते बदलावे लागले. फ्लूसारख्या रोगांत नवी पट्टी आज बहुधा पीसीआरशी ताडून पाहिली जाते.

ही तुलना काय सांगते? २००९ साली स्वाइन फ्लूची साथ आली आणि ऑगस्टमध्ये भारतातील पहिला मृत्यू पुण्यात झाला. त्या वर्षी अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने झटपट फ्लू चाचण्यांविषयी दिलेला इशारा असा होता की, नव्या विषाणूच्या बाबतीत त्यांची संवेदनक्षमता १० ते ७० टक्क्यांपर्यंतच आढळली आहे. म्हणजे बाधित असलेल्या शंभर जणांत कोठे तीस, तर कोठे तब्बल नव्वद सुटून जात. २०२० साली कोविडच्या काळात भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने जूनमध्ये प्रतिजन पट्टीला प्रथम मान्यता दिली. तेव्हा परिषदेनेच जाहीर केलेले आकडे असे होते : नसलेला रोग ‘नाही’ म्हणण्यात ती ९९.३ ते १०० टक्के अचूक, पण असलेला रोग पकडण्यात ५०.६ ते ८४ टक्केच. म्हणून परिषदेने नियम घातला की, पट्टीने ‘आहे’ म्हटले तर ते मानावे, पण लक्षणे असून ‘नाही’ म्हटले तर पीसीआर करावी. या नियमाचा दुसरा भाग घाईत अनेकदा विसरला गेला. त्याआधी एप्रिलमध्ये परदेशातून आलेल्या प्रतिपिंडांच्या पट्ट्या तर इतक्या बेभरवशाच्या निघाल्या की, दोन कंपन्यांच्या पट्ट्यांचा वापर थांबवण्यास परिषदेने राज्यांना सांगितले.

येथे थोडे अंकगणित उपयोगी पडेल. समजा, एखादी पट्टी बाधितांपैकी ६० टक्क्यांना पकडते आणि निरोग्यांपैकी ९८ टक्क्यांना बरोबर ‘नाही’ म्हणते. ऐन साथीत १,००० तापकऱ्यांपैकी ३०० बाधित असतील, तर १८० सापडतील आणि १२० निसटतील. उरलेल्या ७०० जणांत १४ जणांना चुकून ‘आहे’ म्हटले जाईल. म्हणजे ‘आहे’ म्हटलेल्या १९४ पैकी १८० खरे. आता साथ नसताना त्याच १,००० जणांत फक्त १० बाधित आहेत असे धरा. ६ सापडतील, पण निरोगी ९९० पैकी सुमारे २० जणांनाही रेघ उमटेल. म्हणजे २६ पैकी २० ‘आहे’ खोटे. पट्टी तीच, हात तेच, पण एकाच रेघेचा अर्थ गावात साथ आहे की नाही यावरून बदलला. म्हणून चाचणीचा अहवाल रुग्णाची लक्षणे आणि परिसराची स्थिती बाजूला ठेवून वाचता येत नाही.

पीसीआरलाही एक मोठी मर्यादा आहे आणि ती संवर्धनानेच दाखवून दिली. कोविडच्या रुग्णांत पीसीआर कित्येक आठवडे ‘आहे’ असे सांगत राही. त्यामुळे बरी झालेली माणसेही घरच्यांपासून दूर ठेवली जात. पेशींत वाढवून पाहिल्यावर मात्र दिसले की, सौम्य आजारात साधारण आठ-दहा दिवसांनंतर जिवंत विषाणू सहसा मिळत नाही. पीसीआरला जे सापडत होते ते बहुधा निर्जीव अवशेष होते. भारत सरकारने ८ मे २०२० रोजी सौम्य रुग्णांना दहा दिवसांनी, पुन्हा चाचणी न करता घरी सोडण्याचे धोरण जाहीर केले. त्या धोरणाला या ज्ञानाने बळ दिले. विषाणू आहे आणि विषाणू जिवंत आहे, ही दोन वेगळी विधाने होत. दुसरे विधान आजही संवर्धनाशिवाय खात्रीने करता येत नाही.

झटपट चाचणीचा जन्मही पुष्कळदा संवर्धनाच्या पोटीच होतो. पुण्याच्या संस्थेने २०२० च्या मार्चमध्ये कोविडचा विषाणू भारतातील रुग्णांच्या नमुन्यांतून वेगळा काढून वाढवला. त्यातूनच मे महिन्यात प्रतिपिंडे मोजणारे देशी एलायझा किट तयार झाले आणि तोच विषाणू पुढे कोव्हॅक्सिन लशीचा आधार ठरला. डेंग्यूच्या निदानासाठी सरकारी रुग्णालयांना पुरवले जाणारे एलायझा किटही याच संस्थेचे. चांदीपुरासाठी पीसीआर विकसित करता आली, तीही कोणे एके काळी दोन रुग्णांच्या रक्तातून तो विषाणू वाढवून जपून ठेवला होता म्हणूनच. २०२४ च्या पावसाळ्यात गुजरातेत मेंदूज्वराची साथ आली. १५ ऑगस्टपर्यंत देशभरात मेंदूज्वराचे २४५ रुग्ण आणि ८२ मृत्यू नोंदले गेले. त्यांतील ६४ रुग्णांत चांदीपुराची खात्री पटली. या वेळी कोणत्या विषाणूची शंका घ्यावी, हे आधीच ठाऊक होते. १९६५ च्या संथ कामाचे ते व्याज होते.

अलीकडची एक घटना याहून जवळची आणि अधिक वेदनादायक आहे. पांढुर्णा आणि सौंसर हे तालुके ५ ऑक्टोबर २०२३ पर्यंत ज्या छिंदवाडा जिल्ह्यात होते, त्याच जिल्ह्यातील परासिया भागात २०२५ च्या ऑगस्टअखेरपासून लहान मुले ताप-खोकल्यानंतर लघवी बंद होऊन आजारी पडू लागली आणि पुढे दगावू लागली. काहींवर नागपुरात उपचार चालू होते. प्रथम शंका संसर्गाचीच होती. पाणी, कीटक आणि रुग्णांचे नमुने तपासले गेले, पुण्यालाही पाठवले गेले. नेहमीचे संसर्ग आढळले नाहीत. एका नमुन्यात तेवढा लेप्टोस्पायरोसिस निघाला. तपास तेथेच थांबला असता तर? मूत्रपिंडाच्या ऊतीची तपासणी विषबाधेकडे बोट दाखवत होती. अखेर खोकल्याच्या औषधात डायएथिलीन ग्लायकॉल हे विष सापडले. तमिळनाडूच्या औषध प्रशासनाच्या तपासणीत त्याचे प्रमाण ४८.६ टक्के निघाले. तोवर वीसहून अधिक मुले गेली होती, किंवा जाण्याच्या वाटेवर होती. विषाणूच्या चाचण्यांचे ‘नाही’ त्या वेळी फार मोलाचे ठरले, कारण ते ऐकणाऱ्यांनी शोध थांबवला नाही, त्याची दिशा बदलली. एका ‘आहे’वर समाधान मानले असते, तर औषधाची बाटली संशयापासून दूरच राहिली असती.

या साऱ्यातून सामान्य माणसाने काय घ्यावे? पहिली गोष्ट, चाचणीसाठी जाताना ताप कोणत्या दिवशी सुरू झाला, हे नक्की सांगावे. डेंग्यूची एनएस-१ चाचणी पहिल्या पाच दिवसांत उपयोगाची, प्रतिपिंडांची त्यानंतर. दिवस चुकला तर चांगली चाचणीही चुकते. दुसरी, डेंग्यूच्या पट्टीचा अहवाल सरकारी नोंदीतही केवळ ‘संभाव्य’ धरला जातो. खात्रीसाठी एलायझा आहे, ती विचारून घ्यावी. तिसरी, पट्टीने ‘नाही’ म्हटले आणि मूल मात्र गुंगीत जात असेल, झटके येत असतील किंवा लघवी कमी झाली असेल, तर पट्टीवर विसंबू नये. त्याच घटकेला मोठे रुग्णालय गाठावे, आणि घरात दिलेल्या प्रत्येक औषधाची बाटली बरोबर न्यावी. चौथी गोष्ट समाजाची. एकाच वस्तीत एकसारख्या तापाचे अनेक रुग्ण दिसले, तर गावाने आरोग्यखात्याला तसे कळवून नमुने थंड ठेवून नागपूर किंवा पुण्यापर्यंत पोचतील, असा आग्रह धरला पाहिजे. उपचार थांबवून संवर्धनाची वाट पाहा, असे कोणीही म्हणणार नाही. पट्टी रुग्णासाठी, पीसीआर खात्रीसाठी आणि संवर्धन पुढच्या साथीसाठी, अशी ही वाटणी आहे. तिन्हींना पैसा लागतो. पट्टीचा खर्च रुग्ण देतो आणि त्याला तो दिसतो. संवर्धनाचा खर्च समाजाला द्यावा लागतो आणि त्याचे फळ कित्येकदा एका पिढीनंतर मिळते.

शंभर वर्षे ग्रंथ जपणाऱ्या संस्थेच्या सभासदांना हे पटवून देण्याची गरज नसावी. कपाटातील कोणता ग्रंथ कोणत्या वाचकाला कधी लागेल, हे आज सांगता येत नाही. पुण्यातील शीतपेट्यांत जपलेल्या विषाणूंचेही तसेच आहे. त्यांच्यापैकी एकाचे घर आपल्यापासून फार दूर नाही, एवढे स्मरणात असावे आणि पुढच्या पावसाळ्यात हाती आलेला अहवाल दोनदा वाचला जावा, एवढीच या व्याख्यानाची अपेक्षा आहे.